पलंगामागची ओल

प्रिय धाकट्या,

आज शाळेला सुट्टी आहे आणि आईचा दुपारी डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'ताई, स्वतःची काळजी घे' म्हणतोस आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. थकले आहे रे मी. आधी एवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं धडपणे लिहिता येईल.

आईच्या पलंगामागची भिंत ओली होते, हे तुला माहीत आहेच. तू घाईघाईने ओल शोषून घेणारं यंत्र पाठवायला निघाला होतास. त्यानंतर भिंतीवर काळी बुरशी चढली आणि आईचा खोकला वाढला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून स्पष्टच सांगितलं, खोली कोरडी झाली नाही तर या थंडीत न्यूमोनिया होईल, आणि या वयात तो झाला तर डॉक्टरच्या हातात काही नाही. मी तडक वरच्या मजल्यावर गेले, शिंपीकाकांकडे. तुझ्या शाळेच्या पँटी शिवायचे तेच. म्हटलं, तुमची न्हाणी गळते. ते म्हणाले, नाही गळत. मी म्हटलं, गळते म्हणजे गळते. अख्ख्या जिन्याने ऐकलं असेल. बिचाऱ्यांनी शेवटी प्लंबर बोलावून फरशी उखडली. आठवडाभर म्हातारा-म्हातारी शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होती. मग मला वर बोलावून म्हणाले, "या बाई, हात लावून बघा." फरशीखालची जमीन कोरडी ठणठणीत. तरी मी म्हटलंच, पाणी कुठून तरी वाट काढतंच. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि काका सापडले, दुसरं काय!

पुढची गंमत ऐक. मंगळवारी सातवीला ढगांचा धडा होता. इतकी वर्षं शिकवतेय, आता झोपेतही शिकवीन. टेबलावर पेला ठेवायचा, त्यात बर्फ टाकायचा. थोड्या वेळाने पेला बाहेरून ओला होतो. मग मी विचारते, पेला गळतोय का रे? सगळा वर्ग ओरडतो, नाही बाई! मग सांगायचं की हवेत पाणी असतंच, फक्त दिसत नाही. हवा गार झाली की तिला ते पेलवत नाही. मग ते कशावर तरी टेकतं, पेल्यावर, गवताच्या पात्यावर, माझ्या चष्म्यावर. वर आकाशात टेकायला पेला कुठला? तिथे धुळीचा नाहीतर धुराचा बारीकसा कणही चालतो. असे असंख्य थेंब जमले की ढग, आणि तोच जमिनीशी आला की धुकं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मग ढग खाली का पडत नाहीत? मी म्हटलं, थेंब इतके हलके असतात की वर चढणारी हवा त्यांना धरून ठेवते. एकमेकांत मिसळून जड झाले की पडतात. एवढं बोलले आणि तिथेच थांबले. गळत नसलेला पेला समोर होता आणि डोक्यात आपली भिंत. मुलांना वाटलं, बाईंना चक्कर आली.

घरी येऊन भिंतीवर ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा चारही कडांनी चिकटवला. सकाळी कागदाच्या खोलीकडच्या अंगाला थेंब, आणि मागची भिंत कोरडी. म्हणजे पाणी भिंतीतून येतच नव्हतं. ते आपल्याच खोलीतलं होतं. आईची चादर आताशा रोज धुवावी लागते, कधी दोनदा. ती मी घरातच दोरीवर वाळत घालते. वर हीटर, चहाची वाफ, आम्हा दोघींचा श्वास, आणि खिडक्या दिवाळखोराच्या दुकानासारख्या कायमच्या बंद. बाहेरची भिंत थंडीने गार पडलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

काकांची माफी मागायला गेले. ते हसले, म्हणाले, "तुमची मुलं पास होतात ना, बाई?" मग हळूच म्हणाले, "खिडकी उघडा. बंद असली तरी आम्हाला ऐकू येतंच." मला पायरीवर रडू फुटलं.

खिडक्या मी का बंद केल्या, हे तुला कधी सांगितलं नाही. रोज दिवेलागणीला आई खिडकीशी जाते आणि तुला हाक मारते. "धाकट्या, पुरे झाला खेळ, घरी ये." तुझे केस पिकले, पण तिच्या लेखी तू अजून खालीच खेळतोयस. आधी लोक हसायचे. मग एकदा रस्त्यावरची टवाळ पोरं ओरडली, "आलो, आलो!" आई दारात जाऊन उभी राहिली. जेवली नाही, बसली नाही, पाय सुजेपर्यंत उभी. त्या दिवशी मी कड्या लावल्या. मला ती ओळखत नाही, हे तर तुला ठाऊक आहे. मला 'बाई' म्हणते आणि विचारते, तुम्ही घरी कधी जाणार? मलाही तेच कुणाला तरी विचारावंसं वाटतं. तिची लेक असून तिच्या घरात मी परकी, याचं वाईट वाटतं रे, खूप वाटतं.

काल सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. भिंत वाळेल, बुरशी मी घासून काढीन, त्याची चिंता नको. संध्याकाळी तिने हाक मारली. मी शेजारी उभी होते. खालून कुणी काही बोललं नाही. ती पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तो तुमच्या शाळेत आहे का हो? त्याच्या घरी चिठ्ठी तरी पाठवा." मी म्हटलं, पाठवते. म्हणून हे पत्र. यंत्र पाठवू नकोस, तू ये. एक संध्याकाळ खाली रस्त्यावर उभा राहा आणि तिने हाक मारली की वर बघून ओ दे. ती तुला ओळखेल की नाही, याचा शब्द मी देत नाही. पण ओ दे. ती हाक आता मला एकटीला ऐकवत नाही.

तुझीच,
ताई