तामांदानीची शंका

३ मार्च
भर वर्गात तामांदानी म्हणाली, "मॅडम, ही पायरी मला पटत नाही." तिला खाली बसवलं. घरी येऊन पाहिलं — तिचं बरोबर आहे. सहा वर्षांची माझी सिद्धता, आणि मधेच भोक. पुढच्या महिन्यात डाकारच्या परिषदेत हेच प्रमेय मांडायचंय. आमच्या झोम्ब्याच्या विद्यापीठातून तिथे बोलायला आजवर कुणीच गेलेलं नाही.

पोरीचा राग आला. लिहून टाकते, म्हणजे उतरेल.

५ मार्च
जेवताना आईला सांगितलं. मक्याच्या न्सिमाचा घास मोडत म्हणाली, "चूक कुणी काढली? तुझ्याच विद्यार्थिनीनं? मग शिकवलंस की नीट."
मला हसू आलं नाही. आता येतंय.

९ मार्च
विभागप्रमुख कलोंडेंना कुठून तरी कळलं. "एनेलेसीबाई, तिथे कोण पायऱ्या मोजत बसणार आहे? बोलून या, समुद्रावरचे मासे खा. बढतीचं बघू मग."
बढती हवी आहे मला. खोटं का बोलू? पण फळ्यापुढे उभी राहून ती पायरी घाईनं पुसणारी मी — डोळ्यांपुढे आलं आणि नको वाटलं.

१४ मार्च
भोक बुजत नाही. इकडून ठिगळ लावलं की तिकडून उसवतं. वीज नाही, धुकं खिडकीत आलंय.

१७ मार्च
तामांदानीला विभागातल्या माझ्या खोलीत बोलावलं. ती दाराशीच उभी. वाटलं असणार, आता बोलणी बसणार.
"बस," म्हटलं. "मलाही पटत नाही ती पायरी."

दुपारभर बसलो. माझं म्हणणं असं, की अमुक अटी पाळणाऱ्या प्रत्येक वलयात — म्हणजे बेरीज-गुणाकार चालणाऱ्या संचात — गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच येतं. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका... पण हे खरंच नसेल तर?"

सहा वर्षांत मी स्वतःला हे एकदाही विचारलं नव्हतं.

२३ मार्च
सापडलं. म्हणजे तिला सापडलं. छोटंसंच वलय — सगळ्या अटी पाळतं, आणि क्रम उलटला की उत्तर बदलतं. तीनदा तपासलं. माझं प्रमेय खोटं आहे.

रडू येईल असं वाटलं होतं. उलट भूक लागली. दोघींनी फाटकाबाहेरच्या बाईकडून गरम, तळलेल्या मांदासी घेतल्या आणि उभ्यानंच खाल्ल्या. अशी वलयं आणखी किती असतील, ती सगळी ओळखायची कशी — खाता खाता ती हेच बोलत होती. मला मधे बोलायला जागाच नव्हती. बरं वाटलं.

रात्री डाकारला सगळं खरं कळवलं. शेवटी एक सूचनाही केली.

३१ मार्च
डाकारहून उत्तर आलं. व्याख्यान रद्द नाही. विषय नवा, आणि मी सुचवल्याप्रमाणे वक्ताही — तामांदानी म्सोसा. मी श्रोत्यांत.
तिला अजून ठाऊक नाही, उद्या सकाळी सांगेन. आजच्या दिवसापुरती ती माझी विद्यार्थिनी.