बेणलेलं खाचर

माले, ता. १८ सप्टेंबर १९८६

ताजआपास,

सलीमचा सलाम. तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी गप्प, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. इकडं सगळी बरी आहेत. अब्बांचा खोकला थांबला, म्हैस व्यायली. रोशनबीच्या घरचे आमच्या निकाहची तारीख विचारतायत म्हणून तू लिहिलंस. त्याचंच उत्तर द्यायला सकाळपासून बसतोय आणि उठतोय.

शिकून-सवरून गवत काय लावतोस, असं तू मागं म्हणालीस. गवत नव्हे गं, तळ्यात आपसूक उगवणारं रानटी देवभात, बुडख्याशी जांभळं. आठवडाभर पाण्याखाली राहून जगतं. आपला आंबेमोहर कुजतो. मी दोघांचा संकर केला. यंदा त्यांची नातवंडं खाचरात होती, काही आजोबांवर गेलेली, काही आजीवर. त्यांना बुडवायचं आणि जांभळ्या बुडख्याची जास्त जगतात का बघायचं. तसं असेल तर पाण्यात तगायचा गुण त्या जांभळ्या रंगाच्या शेजारीच बसलाय. असे शेजारी शोधत त्या गुणाचं घर गाठायचं. तीन पावसाळे यातच गेले.

आठवडाभर बुडवून पाणी उतरवलं. कोण पुन्हा हिरवं होतंय ते आठवड्यानं मोजायचं, म्हणून पुण्याला जाऊन आलो. येऊन बघतो तर खाचर तण उपटून बेणलेलं, न्हाऊ घातलेल्या पोरासारखं स्वच्छ. अम्मी कंबर धरून बांधावर उभी.

"लोकं हसत हुती रं, सलीमच्या खाचरात रानभात माजलंय म्हणून. जांभळ्या बुडख्याचं एक ठेवलं न्हाई बघ."

बरं झालं अम्मी, म्हटलं. तेव्हापासून गावभर सांगत सुटलीय, पोराच्या अभ्यासाला हातभार लावला म्हणून.

कॉलेजातले सर म्हणाले, उपटलेली सगळी जगली होती असं लिही, निघणार तेच होतं. आपा, तेच निघतं का हे बघायला तर मी लावलं होतं. राग आला, आणि खोटं कशाला बोलू, मोहही झाला. मार्चात पदवी, मग नोकरी, मग निकाह. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो, पण हात चालेना. थोडं बी उरलंय, पुढच्या वर्षी पुन्हा लावतो, असं काल सरांना कळवलं.

म्हणजे निकाह वर्षभर लांबला. रोशनबीचे अब्बा तोवर थांबतील का, ठाऊक नाही. मला भीती वाटते. तिला एकटीला गाठून सगळं खरं सांग. बाकीच्यांना पीक पाण्यानं गेलं एवढंच म्हण, नाहीतर फिरून अम्मीच्या कानावर यायचं.

आणि एक कर. पुढच्या श्रावणात अम्मीला मिरजेला बोलावून घे. पोरांचं निमित्त काढ, महिनाभर सोडू नकोस. तिनं आत्ताच नवं खुरपं करून आणलंय, पुढल्या साली आधीपासनं येते म्हणते. नको येऊस, असं माझ्याच्यानं तिला म्हणवणार नाही.

तुझाच,
सलीम