चांदीची भुकटी

२ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
गुडघा कसा आहे? काठी घ्यायला लाजतोस हे वहिनीने कळवलंय, तेव्हा थापा मारू नकोस.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्या कारखान्यात जखमेच्या पट्ट्यांना लावायला चांदीची नवी भुकटी आलीय. इतकी बारीक, की केसाच्या जाडीत हजारो कण मावतील. तपासणीचं काम माझं, म्हणून ती भरताना हवेत किती उडते ते मी मोजलं. कापडी मास्कच्या आतसुद्धा कण सापडले. भरणारी माझी मैत्रीण चार महिन्यांची गरोदर आहे. साहेब म्हणतात, चांदी ती चांदीच, साध्या चांदीचा जुनाच सुरक्षिततेचा दाखला चालतो. शुक्रवारपर्यंत 'सुरक्षित' असं लिहून सही कर. पण धोका आहे असं तरी कशाच्या जोरावर म्हणू? नक्की कुणालाच ठाऊक नाही. जेवण जात नाही.
तुझीच,
ठमी

४ जून
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
काठी घेतली. आता वहिनीची हेरगिरी बंद कर.

दाखल्याचा कायदा पदार्थाचं नाव बघतो, कणाचा आकार नाही. तिथे तुझे साहेब चुकत नाहीत, आणि जन्मभर वकिली करून हे लिहिताना मला ओशाळल्यासारखं होतंय. पण कामगाराला जपणं मालकाला चुकत नाही. तू 'सुरक्षित' लिहू नकोस, 'घातक'ही लिहू नकोस. मोजलंस ते लिही, ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून लिही, आणि त्याखाली सही कर. एक प्रत सरकारी तपासनीसाला दे. त्याआधी मैत्रिणीला सांग. श्वास तिचा आहे. नोकरी गेलीच तर सरळ इकडे ये.
तुझा,
दादा

१८ नोव्हेंबर
ती. दादास,
सा. न. वि. वि.
फोनवर अर्धवट सांगितलं, आता सविस्तर. मैत्रिणीला सांगितलं त्याच दिवशी ती त्या टेबलावरून उठली. शुक्रवारी तू सांगितलंस तसंच लिहून सही केली आणि एक प्रत तपासनीसांना पाठवली. मग तपासनीस आले, भुकटी भरायच्या खोलीला कुलूप लागलं, आणि आता भुकटी बंद काचेच्या पेटीत, पेटीलाच लावलेल्या हातमोज्यांत बाहेरून हात घालून भरतात. मैत्रीण पूर्ण पगारावर पॅकिंगला होती. माझी नोकरी शाबूत आहे.

परवा तिला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी बाळाची छाती दोनदा तपासली, काही नाही म्हणाले. काल बघायला गेले तर तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतः गाढ झोपली. मी तासभर त्या पोरीचा श्वास ऐकत बसले. घरी येऊन पोटभर जेवले.
माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
ठमी