जुन्या मशीनचं उत्तर

३ मार्च, सोमवार
निवृत्त झालो. आता खरं काम. माळ्यावरचा माझा जुना कॉम्प्युटर काढून जेवणाच्या टेबलावर मांडला. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नेटवर्क म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी शिकवणार. कुणा सज्जनाने त्यासाठीचा सोर्स कोड फुकट ठेवलाय. हिने मुदत घातली: रविवारपर्यंत या डबड्यावरून तिच्या लॅपटॉपवर निरोप आला पाहिजे, नाहीतर टेबल शिलाई मशीनला आणि डबडं भंगारात. हसत हसत कबूल केलं.

४ मार्च
सोर्स कोड वाचला. बराचसा समजला. निदान मधल्या साध्या इंग्रजीतल्या कॉमेंट्स तरी. लिहिणारा फार भित्रा, पावलोपावली तपासण्या. काढून टाकणार.

५ मार्च
काढल्या. मशीन सारखं बंद पडतंय. विजेचा दोष. पाठ धरली.

६ मार्च
मेहुणा डोकावला. दोन्ही मशीन जोडणारी वायर नीट बसलीय का, विचारत होता. कोडच्या गोष्टी चालल्यात आणि याचं लक्ष वायरीत. चहा पाजून वाटेला लावला.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी
जमलं. जुन्याने लॅपटॉपला हाक मारली, उत्तर आलं. लागलेला वेळ: शून्य. आजच्या मशीनांनाही हे साधत नाही. जन्मभर ऑफिसात दुसऱ्यांचे प्रोग्राम निस्तरले, हा माझा. डोळे भरून आले, खरंच.

८ मार्च
मेहुण्याला उद्या जेवायलाच बोलावलं. चार शब्द बोलावे लागतील. मुद्दे काढले.

९ मार्च, रविवार
आधी भाषण, मग निरोप. जुन्यावर 'पोचला' असं आलं. लॅपटॉप कोरा. पुन्हा पाठवला. पुन्हा पोचला, पुन्हा कोरा. मेहुणा टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. हसत होता. वायरच नव्हती. ही म्हणाली, ती होय, ती गुरुवारीच काढली, बाल्कनीतली वेल बांधायला हवी होती.
मग शुक्रवारी उत्तर दिलं कुणी? कोड उघडला. लॅपटॉपच्या पत्त्याच्या जागी मी जुन्याचाच पत्ता टाकलेला. म्हणजे ते स्वतःलाच हाक मारत होतं आणि स्वतःच ओ देत होतं. हे मी हळू आवाजात सांगितलं. ही म्हणाली, इतकी वर्षं तुमच्याजवळ राहून दुसरं काय शिकणार ते.

१० मार्च
टेबलावर शिलाई मशीन. डबडं भंगारात देऊ नको म्हणालो. हिने त्याच्यासाठी कव्हर शिवायला घेतलं. माप मात्र माझ्याकडून घेतलं नाही.