नाव कमी करणेबाबत

सोमवार, ३ फेब्रुवारी

आईला आज तिसऱ्या दवाखान्यात नेलं. पहिल्याने चिठ्ठीवर लिहिलं 'पुढे न्या'. दुसऱ्यानेही तेच, फक्त अक्षर वाईट. तिसरा जिल्ह्याचा, मोठा. तिथे हृदयाचं मशीन आहे. मशीन चालवणारा मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आज सोमवार!

देशात आरोग्यव्यवस्था नाही म्हणणारे खोटारडे. आहे. फक्त ती कायम पुढच्या गावात असते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झडप अरुंद झालीय. चार पावलांत धाप लागते ती त्यामुळे. 'ऑपरेशन मुंबईला होईल. फार थांबू नका,' डॉक्टर म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून मी खुर्चीचा हात धरला. मग तेच म्हणाले, 'सरकारी योजनेत फुकट होतं. रेशनकार्ड आहे ना?'

आहे की!

किहीमला परतताना रिक्षात आईने विचारलं, 'झडप म्हंजे? बांधावरच्या उघाडीला असते तशी?' खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून फळ्यांचं दार असतं, ते.

'व्हय, तशीच.'

'मंग फल्या सडल्या असतील. किती भरत्या झाल्या रं!'

इतकं स्पष्ट डॉक्टरला सांगता आलं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळच्या लाँचने रेवसहून भाऊच्या धक्क्याला. आईला उचलूनच चढवली. हॉस्पिटलच्या दारातच योजनेचं टेबल. आरोग्यमित्र म्हणून बसवलेली रुचिका नावाची मुलगी. गोड बोलते. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, 'काका, कार्डात आजींचं नाव नाहीये.'

माझ्या कार्डात मी, बायको, मुलगी. आई नाही!

थळला दादाला फोन लावला. 'माझ्या कार्डात कशाला असंल? आई पयल्यापासून तुझ्या कार्डात हाय.' त्याने फोटो पाठवला. चार नावं. आई नाही.

आमच्याकडे आईची वाटणी आहे. गणपती ते होळी माझ्याकडे, होळी ते गणपती दादाकडे. बारा महिने दोन घरं भरून राहणारी बाई कागदावर एकाही घरात नाही.

'आजी सत्तरच्या असत्या तर नुसत्या आधारवर झालं असतं,' रुचिका म्हणाली. आधारवर अडुसष्ट. जन्म एक जानेवारी. आमच्या गावची सगळी म्हातारी एक जानेवारीलाच जन्मलीत. आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरुण ठरवलं, तेही आज!

दुपारच्या लाँचने परत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

विम्याचा विनेश येऊन गेला. 'पॉलिसी काढू की दादा. फक्त आधीपासूनचा आजार पहिली तीन वर्षं धरत नाहीत.'

'आणि तीन वर्षं आईच टिकली नाही तर?'

'मग प्रश्नच मिटला ना.'

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. चहा न पिता उठला. विमा म्हणजे आपली रेवसची लाँच. पाणी आहे तोवर डौलात, ओहोटी लागली की चिखलात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पुरवठा कचेरी. एकोणीस वर्षं हिच्याच दारात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितोय. निम्म्या तालुक्याची गाऱ्हाणी माझ्या अक्षरात आहेत. आज पहिल्यांदा स्वतःचं घेऊन आत गेलो. साहेबांनी ओळख दाखवली, पण खुर्ची नाही दाखवली.

'नाव चढवू. आधीच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा.'

'कुणी कमी केलं तेच माहीत नाही, साहेब.'

'ज्याने अर्ज केला त्याने. अर्जाशिवाय आम्ही कुणाला कमी करत नाही.'

'अर्ज कुठाय?'

'जुने गठ्ठे गोदामात. शोधायला लागतील.'

मला शोधायची गरज नाही. हे दादाचंच काम. त्याला पहिल्यापासून आई जड होती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. कचेरी बंद.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गोदामाची चावी ज्याच्याकडे, तो रजेवर. रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता. चार दिवसांचा मागत होता, मी म्हटलं आठ लिही, आजारपण खरं वाटतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. बंद. आईने उपास धरला. 'गोली चालते का रं उपासाला?' चालते म्हटलं. रताळं खाताना मध्ये तीनदा थांबली, श्वासासाठी.

मंगळवार, ४ मार्च

दादाशी फोनवर कडाक्याचं भांडण. 'नाव काढलंस ते काढलंस, आता कबूल तरी कर!'

'देवाशपथ न्हाय रं काढला. तू शिकल्याला, तुला कागद कलतात. मना अर्ज तरी लिवता येतो का?'

'येत नाही, पण लिहून घेता येतो.'

त्याने फोन ठेवला. आई ओटीवर बसून ऐकत होती. नुसती तांदूळ निवडत राहिली, निवडलेलेच.

मंगळवार, ११ मार्च

२०१९ आणि २०१८ चे गठ्ठे बघून झाले. वाळवी, उंदराच्या लेंड्या, आणि पानोपानी माझं अक्षर. आई कुठेच नाही.

शुक्रवार, १४ मार्च

काल होळी झाली. सकाळी दादा रिक्षा घेऊन दारात. माझ्याशी बोलला नाही. मीही नाही. आईने स्वतःच पिशवी भरून ठेवली होती. 'या टायमाला राहू दे तिला,' असं मला म्हणायचं होतं. दादालाही बहुधा ऐकायचं होतं. पण वाटणी म्हणजे वाटणी! अर्ज शोधणं माझ्याकडे, आई त्याच्याकडे. उंबऱ्यापासून रिक्षापर्यंत जायला तिला दोनदा टेकावं लागलं.

गुरुवार, २० मार्च

दादाचा फोन. नुसता रडत होता. पाय सुजले, छातीत पाणी. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल.

सोमवार, २४ मार्च

डॉक्टर तेच. फेब्रुवारीतला कागद बघितला, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं. 'आता ऑपरेशन झेपणार नाही. किडनीवरही गेलंय.'

'तेव्हा झालं असतं, तर?'

त्यांनी चिठ्ठी लिहिली. इतक्या चिठ्ठ्यांत पहिल्यांदा 'पुढे न्या' नाही. 'घरी न्या.'

दादाने विचारलं, 'कुणाच्या घरी?' टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. थळला नेली.

शुक्रवार, २८ मार्च

अर्ज सापडला. २०१७ च्या गठ्ठ्यात. 'विषय : नाव कमी करणेबाबत. आई कायमची मोठ्या भावाकडे राहावयास गेली असल्याने…' ठसठशीत, एकही खाडाखोड नाही. अक्षर माझं. त्या वर्षी तिला कायमची दादाच्या गळ्यात घालायचं ठरवलं होतं मी. ते जमलं नाही. अर्ज तेवढा जमला होता, आणि लोकांच्या गठ्ठाभर अर्जांत मी तो विसरूनही गेलो होतो. खाली आईचा अंगठा.

थळला जाऊन तिच्यासमोर धरला. तिने अंगठ्यावरून बोट फिरवलं.

'ह्यो मना आठवत व्हता. साखर वाढवून मिलंल, अंगठा दे, असा बोललेलास.' थांबली. श्वास घेतला. 'साखर काय आली न्हाय रं.'