खोबऱ्याच्या जहाजावरची शर्वरी

१३ एप्रिल, रविवार

जिभेला हाड नसतं म्हणतात. आज माझ्या जिभेने ते दाखवूनच दिलं.

इकडे डच लोकांच्या देशात, फोरबर्गच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम होता. जेवताना वीणाताई शेजारी बसल्या. त्या आइंडहोवनच्या, मुलगा चिपच्या कंपनीत. समोर सुश्रुत, डेल्फ्टला समुद्रकिनाऱ्यांवर पीएच.डी. करतो तो. ज्याच्या त्याच्या लेकराचं कौतुक चाललेलं. "गयाबाई, तुमची मुलगी काय करते?" म्हटलं, शर्वरी जहाजावर असते. तिकडे पॅसिफिकमध्ये, बेटाबेटांवर फिरतं ते.

सुश्रुत सरसावून बसला. "संशोधनाचं जहाज का, मावशी?"

मी हो म्हटलं.

कसलं संशोधन! ते जहाज बेटांवर पीठ, तांदूळ, रॉकेल, सिमेंट पोचवतं आणि येताना सुकं खोबरं भरून आणतं. शर्वरी त्यावर स्वयंपाक करते. राकेश समोरच होता. बहिणीचं नाव निघालं तसं लेकरू ताटातल्या बटाट्याकडे बघत बसलं. येताना ट्राममध्ये एवढंच म्हणाला, "आई, कशाला गं?"

१६ एप्रिल

शर्वरीचा आवाज आला आज. रेंज लागली की ती फोनवर बोलून पाठवते, मी इथे भांडी घासता घासता ऐकते. काल एका बेटावर माल उतरवला म्हणाली. धक्का नाही, काही नाही. जहाज बाहेरच उभं राहतं. खडकाच्या कड्याला एक फट आहे, त्यातून लाटेवर बसवून होडी आत न्यायची. माणसं छातीभर पाण्यात उतरून पोती डोक्यावर नेतात. पिठाचं एक पोतं भिजलं, ते हिने मागून घेतलं आणि सगळ्यांना पाव भाजून घातले.

"आई, पातेलं अर्धंच भरायचं हं इथे. वर शेगडीच्या कठड्याला बांधायचं. नाहीतर जहाज कललं की आमटी माझ्या आधी दारात." डेकवर चटया टाकून माणसं झोपतात, पलीकडे डुकरं बांधलेली. एक म्हातारी दवाखान्याला निघालीय, दात नाहीत. तिला नारळाच्या दुधात मऊ भात शिजवून देते.

आणि शेवटी — "थांब, गंमत ऐक." तर मागून चार-पाच राकट गळे एकदम: "रायलं का कोनी?"

ते माझं वाक्य आहे. मी वसतिगृहात स्वयंपाकाला होते, तिथे शेवटची पंगत उठली की मी दारात येऊन विचारायची, राहिलं का कोणी? मग स्वतः ताट घ्यायची. शर्वरी तेव्हा माझ्या पदराला धरून असायची. आता तीही सगळ्यांचं झाल्यावर खिडकीतून ओरडते म्हणे, आणि खलाशी तिच्या आधीच ओरडतात.

दोनदा ऐकलं. हसले. मग परवाचा तो 'हो' आठवला आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

१७ एप्रिल

खरं काय ते इथे तरी लिहावं. मी चुलीपुढे बसले ती पोरीला चुलीपासून उठवायला. ती शिकली सवरली आणि समुद्रापार जाऊन पुन्हा चुलीपुढेच बसली. माझ्या मनात ते सलतं. पोरांना जेवू घालण्याला मी जन्मभर पुण्य म्हटलं, आणि लेकीने तेच केलं तर मला कमीपणा वाटतो. ही कुठली रीत, गयाबाई?

२० एप्रिल

हिमानीने विचारलं, डचमध्येच. राकेशच्या या पोरीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र तिचं तिचं. "आजी, आत्या तर स्वयंपाक करते ना? मग सुश्रुतकाका शास्त्रज्ञ का म्हणतो?"

मी तिच्या हातात स्ट्रोपवाफल, इथलं पाकाचं बिस्कीट, दिलं. तोंड गोड करून लेकराला गप्प बसवणारी आजी कधी झाले मी?

सुश्रुत आमच्या सुनेकडून, स्नेहलकडून, शर्वरीचा नंबर घेऊन गेलाय. पौर्णिमेच्या कार्यक्रमात मुलांपुढे तिचं भाषण ठेवायचंय. एक 'हो' पेरला, त्याला आता फांद्या फुटल्या.

२४ एप्रिल

शर्वरीचा फोन. जहाज बंदरात आहे. "आई, माझा करार संपतोय. पौर्णिमेला तिकडे येऊ का? व्हिसा आहे अजून."

दोन वर्षं तिला पाहिलं नाही. तिचे हात कसे झालेत, चटके किती बसलेत, काही ठाऊक नाही. आणि माझ्या डोळ्यांपुढे तिचा चेहरा आला नाही, तो हॉल आला. सुश्रुत माइक घेऊन उभा, वीणाताई पुढच्या रांगेत.

म्हटलं, "आत्ता नको बाई. थंडी आहे अजून. राकेशचं घर केवढंसं, त्यात त्याला ऑफिसची गडबड. पुढच्या वेळी ये."

ती म्हणाली, "बरं आई. स्वेटर घालत जा."

खिडकीबाहेर उघड्या दंडांनी पोरं सायकली हाकत होती.

२ मे

शर्वरीने पुन्हा सही केली. आणखी नऊ महिने.

११ मे, रविवार

पौर्णिमेची खीर माझ्याकडे होती. वाढता वाढता सुश्रुत जवळ आला. "ताईंचं यायचं रद्द झालं म्हणे. पुढच्या वर्षी नक्की बोलवू, मावशी." राकेशनेच सांगितलं असेल त्याला.

पुढच्या वर्षी! म्हणजे हे खोटं वर्षभर जोजवायचं, आणि पोरीला वर्षभर लांब ठेवायचं. माझ्याने पुढची वाटी भरवेना. पळी खाली ठेवली. म्हटलं, "बाळा, ती संशोधन करत नाही. जहाजावर स्वयंपाक करते. मी त्या दिवशी खोटं बोलले. ती येणार होती, मीच नको म्हटलं."

आजूबाजूचे चार जण वळले. वीणाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? तिला विचारून केली असती तर खीर एवढी पातळ नसती झाली."

सगळे हसले. सुश्रुतही. मग लगेच जहाजावर शेगडी कसली असते, पाणी किती मिळतं, असे प्रश्न सुरू. कुणाला काही वाटलंच नाही. ज्या लोकांच्या भीतीने मी पोरीला दार लावलं, त्यांनी कधी ते दार ढकललंही नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

स्नेहल तेवढी हसली नाही. मी खाली ठेवलेली पळी उचलून ती पुढच्यांना वाढू लागली.

१२ मे

शर्वरीला सगळं बोलून पाठवलं. सुटशील तेव्हा निघून ये म्हटलं, माझी चूक झाली म्हटलं. एकच टिक. जहाज दोन बेटांच्या मध्ये कुठेतरी असेल.

१५ मे

एकच टिक.

१९ मे

आला आवाज. मागे इंजिनची घरघर.

"आई, रडू नकोस. मला एप्रिलपासून माहीत आहे. सुश्रुतने मेसेज केला होता ना, 'ताई, तुमच्या संशोधनावर बोला.' मी वहिनीला विचारलं, तिने सांगितलं. मग मी त्याला हो म्हटलं. लाटा, प्रवाह, बेटं, सगळं कप्तानाकडून विचारून घेतलं होतं. तुझी मान खाली जाऊ दिली नसती मी. मग तुला फोन केला, येऊ का म्हणून. चल, बेट मागे पडतंय, आता रेंज जाईल. तू जेवलीस का?"