एकदा वाजली तर

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. आडवं पडून लिहितोय म्हणून ते वाकडं आलंय. डॉक्टरांनी सोमवारी समोर बसवून सांगितलं की पोटातल्या गाठीशी भांडायची औषधं संपली, यापुढे दुखू द्यायचं नाही एवढंच काम. तीनचार महिने म्हणाले. आढेवेढे घेतले नाहीत, ते मला आवडलं.

पोरीने मात्र हट्ट धरलाय. नोकरी सोडते आणि बाबा, तुम्हाला माझ्याकडे नेते, म्हणते. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्या जिन्याच्या वळणावरून मी केलेलं कपाटसुद्धा उभं करून न्यावं लागलं होतं. मला वर नेतील गं, पण खाली कसं आणतील, हे सुताराला आधी दिसतं. आणि तिने नोकरी सोडलेली मला बघवणार नाही.

तुझ्याकडे पाण्याच्या टाकीमागे ते शुश्रूषागृह आहे ना, जिथे बरं करायचा आव आणत नाहीत, शेवटपर्यंत नुसतं नीट सांभाळतात? सगळे म्हणतात चांगलं आहे. पण तिथून परत येऊन तक्रार करणारा कोणी नसतो, तेव्हा सगळे म्हणणारच. तू जाऊन बघ. एखाद्या रिकाम्या खाटेवर चक्क आडवी हो आणि तिथून काय दिसतं ते मला लिही. खिडकीची चौकट किती उंच आहे? खाटेशेजारचा खण एका हाताने, जोर न लावता उघडतो का? दार कुठल्या बाजूला उघडतं?

आणि मुख्य गोष्ट तुला ठाऊक आहे. आईने त्या मोठ्या हॉस्पिटलात एक अख्खी दुपार हाका मारल्या. आपण दोघं बाहेर बाकावर बसून ऐकत होतो, आत सोडत नव्हते आणि आतलंही कोणी जात नव्हतं. मला मरायची फारशी भीती वाटत नाही. हाक मारली आणि कोणी नाही, याची वाटते. तेवढं तपासून ये.

लोभ आहेच, त्यावर रंधा फिरवू नकोस.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडून घेतलं, मग चष्मा पुसून कामाला लागले. तीन वेळा जाऊन आले. पहिल्या दिवशी सात नंबरच्या रिकाम्या खाटेवर चपला काढून आडवी झाले, तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. कुठे दुखतंय का, असं त्यांनी फार मायेने विचारलं. मी म्हटलं, भावाने सांगितलंय म्हणून झोपलेय. त्या हसल्या आणि उशी आणून दिली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खिडकीची चौकट फार उंच. खाटेवरून टाकीचा वरचा अर्धा भाग दिसतो आणि थोडं आकाश, बाकी भिंत. खण अडतो, मी दोन्ही हातांनी ओढला तेव्हा आला. दार आत उघडतं. फरशी स्वच्छ, फिनेलचा वास नाही, सूप कोमट.

आता मुख्य गोष्ट. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुलींच्या कामावर लक्ष ठेवलं. तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलला गेला नाही तर माझ्या वहीत त्यांची खैर नसे. तीच वही घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. तिथे प्रत्येक खाटेला बेल आहे, ती सिस्टरच्या टेबलावर वाजते. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत कोणीतरी उठून गेलं. पण कोपऱ्यातल्या खोलीची बेल एकदाच, बारीकशी वाजली आणि टेबलापाशी बसलेल्या सिस्टरने मानही वर केली नाही. एका हाताने कसलंसं बटण दाबलं, दुसऱ्या हाताने लिहीत राहिली. एकदा नाही, माझ्यासमोर तीनदा असं झालं.

मी काही विचारलं नाही. आमच्यात तपासणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, लाइनवर गुपचूप ऐकायचं आणि शेरा लिहायचा. शेरा लिहिला आहे: नापास. आईची दुपार मी पुन्हा होऊ देणार नाही. दुसरी जागा शोधते.

लोभाची लाइन चालू ठेव.

तुझी धाकटी


१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

इन्स्पेक्टरीणबाई, रिपोर्ट पोचला. मोठा झकास आहे, पण अर्धाच आहे. तिने बटण दाबलं म्हणतेस. कशाचं? तुझं पत्र आल्यापासून मी त्या बटणाचाच विचार करतोय, पोटाकडे लक्षसुद्धा जात नाही. कंटाळा करणारी बाई कान बंद करते, बटण कशाला दाबेल? आणि तेही तीनदा?

फळीला गाठ दिसली म्हणून मी कधी फळी फेकून दिली नाही. उलटी करून मागून बघायची असते. तू जन्मभर तारेच्या मध्ये बसून ऐकलंस, आता जरा तारेच्या टोकाला जा. त्या कोपऱ्यातल्या खोलीत कोण आहे, त्याच्याशी बोल. त्याला विचार की बाबा रे, तू बेल वाजवतोस आणि कोणी येत नाही, मग तू पुन्हा का वाजवत नाहीस?

जरा लवकर कर. परवापासून मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागतंय. पोरीने राजीनामा लिहून ठेवलाय. आत्याचं पत्र येईपर्यंत थांब म्हणून मी तिला शपथ घातली आहे.

रागावली असशीलच, तरी लोभ कायम असू दे.

तुझा दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

मी चुकले. हे वाक्य तू कापून चौकटीत लावणार, तरी लिहिते.

कोपऱ्यातल्या खोलीत चित्रकलेच्या एक निवृत्त बाई आहेत. नाकाच्या शेंड्यावर राग. मी कोण, कुठली, बाकावर बसून वहीत काय खरडत होते, सगळं आधी त्यांनीच विचारून घेतलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी दारातून पाहिलं होतं आणि त्यांना मी विम्याची बाई वाटले. मग तुझा प्रश्न विचारला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

सुरुवातीला म्हणे त्यांनी बेल वाजवली की सिस्टर धावत यायच्या, काय दुखतंय, पाणी हवं का, बाजू बदलू का. बाईंना काहीच नको असायचं. बाहेर कोणी आहे ना, एवढंच कळायला हवं असायचं. म्हणून त्यांनी करार केला: एकदा वाजली तर यायचं नाही, नुसतं उत्तर द्यायचं. सिस्टरने ते बटण दाबलं की बाईंच्या खोलीत, दारावर आतल्या बाजूने, बारका दिवा लागतो. आहे मी, एवढाच त्याचा अर्थ. दोनदा वाजली तर मात्र हातातलं टाकून यायचं.

मोठ्या सिस्टरांनी मला त्यांची वही दाखवली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारतात की तुम्ही हाक मारली तर काय व्हायला हवं, आणि तो सांगेल तसं लिहून घेतात. कोणाला दार अर्धं उघडं लागतं. एका आजोबांना कोणी आलं की चिडायला आवडतं, तेही लिहिलंय. दादा, तीस वर्षं मी हाकेला किती वेळात उत्तर मिळालं ते मोजलं. काय उत्तर हवं होतं, हे एकदाही विचारलं नाही. घरी येताना रस्त्यात रडू आलं.

सगळंच सोन्याचं नाही. रविवारी दुपारी दोघीच असतात, तेव्हा कधी पाच मिनिटंही लागतात. हे सिस्टरांनी मी न विचारता सांगितलं, आणि तिथेच मी शेरा खोडला. खण अजून अडतो, सूप अजून कोमट आहे. पोरीला सांग, राजीनामा फाडून टाक. रविवारी आत्या जाईल.

आणि तू ये. तुझी फार आठवण येते.

तुझी धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

दहा मिनिटांच्या अंतरावर राहून पत्र लिहायची वेळ आली. पण तापाचं माणूस इथे आणायचं नाही असं मोठ्या सिस्टरांनी बजावलंय, तेव्हा आठवडाभर नाक पुसत घरीच बस.

खणाचं काम झालं. मी पडल्या पडल्या सांगितलं आणि सफाईच्या मावशींनी मेणबत्ती घासली, आता फुंकर मारली तरी उघडतो. दुसऱ्या दिवशी साऱ्या खोल्यांतून मला बोलावणं! मग मावशीच मेणबत्ती घेऊन फिरल्या. माझ्या खाटेखाली चार ठोकळे घातले. आता टाकीच नाही, फाटक आणि रस्तासुद्धा दिसतो. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, पण मी म्हटलं, आता मी उतरणार थोडाच आहे! दुखणं बरंचसं आवरतं. एकदा नव्हतं आवरलं, तेव्हा दोनदा वाजवली आणि दोघी आल्या.

चित्रकलेच्या बाईंचा करार मीही उचलला. एकदा वाजली तर दिवा. पोरीला हे सांगू नकोस हं. बाबांना एकटं वाटतं असं म्हणून ती पुन्हा राजीनामा लिहील. मला एकटं वाटत नाही. नुसती खात्री करून घ्यायची खोड आहे, टाळं लावल्यावर ओढून बघतो तशी.

ताप उतरला की दुपारी माझ्याजवळ बसण्यापेक्षा त्या टेबलापाशी बस. सिस्टरांना मी विचारून ठेवलंय. तुला बटणांची सवय आहे आणि त्यांना माणूस कमी पडतं.

लोभ वाढव, ताप उतरव.

तुझा दादा


१९ मे

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन आज बारा दिवस झाले. ऑफिसला जायला लागले. घरी आले की त्यांनी केलेल्या कपाटाला टेकून बसते. तू जेवतेस ना वेळेवर?

एका गोष्टीसाठी लिहितेय. शुश्रूषागृहातून एक छापील फॉर्म आलाय, आमचं काम कसं वाटलं ते कळवा म्हणून. सगळं भरलं, चांगलंच भरलं, ते सगळे फार चांगले वागले. पण पाचव्या प्रश्नाशी अडलेय. हाक मारल्यावर कोणी आलं का, असा प्रश्न आहे.

आत्या, शेवटच्या दुपारी मी बाबांचा हात धरून बसले होते. त्यांनी दुसऱ्या हाताने बेल वाजवली. एकदाच. मी काय हवंय विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले. कोणी आलं नाही. मग ते थोडंसं हसले आणि डोळे मिटले. मला वाईट वाटू नये म्हणूनच हसले असतील. त्यानंतर तासाभरात गेले. त्यांना कशाची भीती होती ते तू मला त्यांच्या माघारी सांगितलंस, आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. खोटं लिहवत नाही आणि खरंही लिहवत नाही. काय लिहू?

लोभ आहे, म्हणून तुलाच विचारते.

तुझी भाची


२२ मे

चि. पोरीस,

अ. उ. आ.

आधी जेव, मग वाच. ही माझी चूक आहे. आजीची ती दुपार तुला सांगितली आणि पुढचं सांगायचं राहिलं. तुला सांगू नकोस असं दादाने बजावलं होतं, ते बंधन त्याच्याबरोबर संपलं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तुझ्या बाबांचा सिस्टरांशी करार होता. दोनदा वाजवली तर धावत यायचं. एकदा वाजवली तर यायचं नाही, टेबलावरचं बटण दाबून नुसतं कळवायचं की आहे. ते दाबलं की दारावरचा बारका दिवा लागतो. तू दाराकडे पाठ करून बसली होतीस, तुला कसा दिसणार? तो तुझ्या खांद्यावरून दिव्याकडे बघत होता. आणि तुझा बाप कोणाला वाईट वाटू नये म्हणून कधी हसला नाही, हे तुला माहीत आहे.

तेव्हा पाचव्या प्रश्नापुढे लिही की कोणी आलं नाही, कोणी यायला नको होतं, उत्तर मिळालं. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिही. त्यांना कळेल.

त्या दुपारी टेबलापाशी मी होते. किती वेळात उत्तर दिलं ते मोजलं नाही, पण वाजल्याबरोबर दाबलं. आणि मग बराच वेळ त्या बटणावरून बोट काढलं नाही.

रविवारी ये. दुपारी मी तिथेच असते.

तुझी आत्या